पालवीतली पाल

आमच्या मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावर साडेतीन महिने ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझं नाव, एवढंच होतं. बीसीजी दिली तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, दोन दिवसांचं तर बाळ. दीड महिन्याच्या लशीला नर्सबाईंनी विचारलं, “नाव?” मी म्हटलं, “ठरतंय.” अडीच महिन्यांना त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. साडेतीन महिन्यांना गेले तेव्हा त्या आतल्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, “अगं, ती बेबी ऑफ आली बघ.” म्हणजे तोवर पोरीचं नाव पडलंच होतं.

लोकांना वाटायचं, आम्हाला नाव सुचत नाहीये. सुचत भरपूर होतं. माझ्या फोनमध्ये एकसष्ट नावांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे ते का नको याचं कारण. बाळाचं नाव ठेवायचं बाजूला राहिलं आणि आम्ही घरदार मिळून नावांनाच नावं ठेवत बसलो.

सुरुवात सातव्या महिन्यात झाली. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे आधी सांगत नाहीत, कायद्यानं सांगताही येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे याद्या दोन कराव्या लागतात. मुलाच्या यादीत नवऱ्यानं पहिलं नाव लिहिलं, निसर्ग. मला एकदम आवडलं. आईला फोनवर सांगितलं तर पलीकडे सगळं गप्प. आईचं माहेर श्रीवर्धनचं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं, त्या दुपारी मामाच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. मामा तेव्हा बासष्टचा होता. “त्याच्या ओटीवर बसून तू ‘निसर्ग, दूध पी’ म्हणणार आहेस का?” आईनं विचारलं. निसर्ग खोडलं.

खोडलं खरं, पण त्या रात्री मी वादळांची नावं कशी ठेवतात हे वाचत बसले. आपल्या भागातल्या वादळांसाठी १३ देश नावं सुचवतात. एप्रिल २०२० मध्ये १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली आणि तिच्यातलं पहिलंच, बांगलादेशानं दिलेलं, निसर्ग. तिथेही नियम आहेत: उच्चारायला सोपं हवं, इंग्रजी आठ अक्षरांपेक्षा लांब नको, जगात कुणाच्या भावना दुखावणारं नको, आणि एकदा वापरलं की पुन्हा नाही. आपण पोरांची नावं ठेवतो त्यापेक्षा हे बरंच शहाणपणाचं म्हणायचं. फक्त त्या नावाची मुलं आधीच शाळेत जात असतील त्यांचं काय, हा नियम कुणी घातलेला दिसत नाही.

मुलीच्या यादीत माझं पहिलं नाव होतं अवनी. अर्थ पृथ्वी, म्हणायला गोड, लिहायला सोपं. सासर पांढरकवड्याकडचं. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, एरवी कशात दखल न देणारे. नाव ऐकून त्यांनी चष्मा काढला. “अवनी? काहून बाप्पा?”

मग माझ्या लक्षात आलं. वनखात्याच्या कागदांत टी-१, बाहेर अवनी. तेरा माणसांचे मृत्यू त्या वाघिणीच्या नावावर लागले होते. जवळपास दोन वर्षं त्या पट्ट्यात कापूस वेचायला बाया एकट्यादुकट्या गेल्या नाहीत, पोरं शाळेत घोळक्यानं यायची, आणि संध्याकाळी घरी पोचायला कुणाला उशीर झाला की अख्खी आळी दारात. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगावच्या जंगलात तिला गोळी घातली. मी तेव्हा पुण्यात होते, दोन बछडी मागे ठेवून मेलेल्या आईच्या बातम्या वाचून रडले होते. शहरांत लोक तिच्यासाठी फलक घेऊन रस्त्यावर उतरले होते. म्हणजे माझ्या मनातल्या अवनीवरही वाघिणीचीच सावली होती, पण माझी वाघीण हळहळ लावणारी, त्यांची वाघीण धसका भरवणारी. नाव एकच. सासरे एवढंच म्हणाले, “ठेवायचं तर ठेवा. मी हाक मारीन. पण गावात मोठ्यानं नाही मारणार.”

अवनी खोडलं. खूप वाईट वाटलं, अजूनही थोडं वाटतं.

२०२४ च्या पावसाळ्यात मुलगी झाली. आईनं तिच्या नेहमीच्या गुरुजींना वेळ कळवली. हस्त नक्षत्र, तिसरा चरण. “अक्षर काय येतं?” आईनं विचारलं. फोन स्पीकरवर होता. गुरुजी शांतपणे म्हणाले, “ण.”

आम्ही सगळेच गप्प. शाळेत ‘ण बाणाचा’ शिकवतात तेच मुळी ण नं सुरू होणारा शब्द सापडत नाही म्हणून. हस्ताच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. थोडी आधी आली असती तर ष, थोडी उशिरा आली असती तर ठ, मग ठमा, ठकी, ठकूताई. गुरुजींना अशा शांततेची सवय असावी. ते म्हणाले, “रास कन्या आहे, प घ्या. ण पत्रिकेत राहू द्या, तो हाक मारायला नसतो.”

प मिळाल्यावर वाटलं, सुटलो. नणंदेनं लगेच जर्मनीहून कळवलं, पूर्वा. सगळ्यांना पसंत. पण आपल्याकडे लाडाचं नाव पहिल्या अक्षरावर तुटतं. पूर्वाची ‘पू’ होणार, आणि माझे टाके अजून ओले होते. त्या अक्षरावर विनोद करायच्या मनःस्थितीत मी नव्हते. पूर्वा खोडलं. पृथा सुचलं तर सासूबाई म्हणाल्या, “कुंतीचं माहेरचं नाव ते. पहिलं लेकरू पाण्यात सोडलेली.” मला कुंतीबद्दल राग नाही, पण आणखी एक अडचण होती: पृथाचं प्रथा होणार. हुंडाप्रथा, सतीप्रथा, देवदासीप्रथा. हा शब्द चांगल्या सोबतीत फारसा दिसतच नाही. प्राची गेलं, कारण नवऱ्याच्या पहिल्या नोकरीत प्राची नावाच्या बाईंनी त्याचं बढतीचं पत्र आठ महिने दाबून ठेवलं होतं. पावनी गेलं, कारण मी एकदा मोठ्यानं हाक मारून पाहिली आणि स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, “कोण पावणी आली?”

पर्णा मात्र जवळजवळ ठरलं होतं. सकाळी ठरलं, दुपारी घरच्या ग्रुपवर टाकलं, रात्री ताईंचा फोन. ताई म्हणजे नणंद, म्युनिकला असतात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, “इंग्रजीत लिहून बघ. आणि मग इथल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यासारखं वाच.” मी वाचलं. त्यातल्या एका अक्षराच्या जागी दुसरं ऐकू यायला वेळ लागत नव्हता. एकदा ऐकू आलं ते आलंच, नंतर कानातून जाईना. त्यांनीच पूर्वी स्वतःच्या मुलीसाठी स्वस्ति हे नाव मनात धरलं होतं. वेदातला शब्द, अर्थ मंगल. पण जर्मनीत ते नाव ऐकणाऱ्याच्या डोक्यात कुठलं चिन्ह उभं राहील, तिथे ज्या चिन्हाच्या जाहीर वापरावर कायद्यानं बंदी आहे ते, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. “अर्थ सांगेपर्यंत समोरच्याचा चेहरा बदललेला असतो गं,” त्या म्हणाल्या.

यावरून आमचं घरात भांडण झालं. नवऱ्याचं म्हणणं, पोरगी पुण्यात वाढणार, म्युनिकची काळजी पुण्यानं का करायची? उद्या स्वाहिलीत काय होतं तेही बघायचं का? मी म्हटलं, हो, बघायचं. आणि खरंच बघत होते. रात्री तीनला ती दूध प्यायची तेव्हा मी एका हातानं फोनवर नावं तपासायचे. कोशातले अर्थ, इतर भाषांतले अर्थ, त्या नावाचं कुणी कशात पकडलं गेलंय का. अनय हे नाव आमच्या सोसायटीत दोन मुलांचं आहे. कोशात त्याचा अर्थ अनीती, अन्याय. त्यांच्या आयांना मी हे कधीही सांगणार नाही. इरा मला आवडलं होतं, ते वडिलांनी एका शब्दात संपवलं. आमच्या आज्जीच्या तोंडी लघवीला इरागत म्हणतात.

आनंदीची गोष्ट वेगळी. ते नाव मला इतकं आवडलं की मी प सोडायला तयार झाले. वडिलांनी शनिवारवाडा काढला. ३० ऑगस्ट १७७३, नारायणरावांचा खून, ‘ध’ चा ‘मा’. अडीचशे वर्षं झाली, पण पुण्यात त्या बाईचं नाव घेतलं की अजून कुणीतरी पेन हातात असल्यासारखा अंगठा हलवतो. मी म्हटलं, दुसऱ्या आनंदीबाई आहेत की. डॉक्टर आनंदीबाई जोशी, १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या. त्यांचं माहेरचं नाव यमुना, आनंदी हे लग्नात ठेवलेलं. एका नावावर दोन बायका बसलेल्या, एक पुढे सरकली की दुसरी मागे जाते. वडील विचारात पडले आणि म्हणाले, “मग ठेव.” पण आनंदी शेवटी गळलं ते इतिहासामुळे नाही. खालच्या मजल्यावर एक आनंदी आहे, अडीच वर्षांची, ती चावते.

माझ्या मावशीचं नाव माला. तिला हे सगळं ऐकून हसू यायचं. तिच्या बारशाला साऱ्या गावानं नावाचं कौतुक केलं होतं. ती मोठी झाली, नोकरीला लागली आणि सरकारनं माला-डी नावाची गर्भनिरोधक गोळी काढली. रेडिओवर जाहिरात, टीव्हीवर जाहिरात, एसटीच्या मागे जाहिरात. कचेरीतले पुरुष सह्या घेताना तिला ‘डी राहिला की, मॅडम’ म्हणायचे. “आता सांग,” मावशी म्हणाली, “माझ्या आईनं कुठल्या पुस्तकात बघायला हवं होतं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यामुळे माझी झोप आणखीच उडाली. आत्ता जे चिकटलेलं आहे ते शोधता येतं. पुढे जे येऊन चिकटणार आहे त्याची यादी कुठून आणायची?

सासऱ्यांनी एक दिवस मला समोर बसवलं. छत्तीस वर्षं त्यांनी हजेरीपटावर नावं लिहिली आहेत. म्हणाले, “पोट्टे रामाचंही रामफळ करतात, तू थकशील.” मग त्यांनी एकेक नाव सांगितलं आणि मी ऐकतच राहिले. त्यांच्या वर्गात एक सुदामा होता. मधल्या सुट्टीत रोज कुणीतरी त्याच्या डब्यात पोहे आहेत का बघायचं. एक विभीषण होता. वर्गात कुणीही चुगली केली की साऱ्या माना त्याच्याकडे वळायच्या, आणि सासरे शपथेवर सांगतात की त्यानं जन्मात कधी चुगली केली नाही. केतकी नावाच्या मुलीला शिवरात्रीला मैत्रिणी महादेवाच्या देवळाबाहेर थांबवायच्या, केवडा शंकराला चालत नाही म्हणून. “आणि एक दुर्योधन होता,” ते म्हणाले. मी विचारलं, त्याला काय म्हणायचे? “काहीच नाही. चौथीतच माझ्या खांद्याला लागत होता.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी फोनमध्ये लिहून ठेवलं, यादीच्या अगदी वर. चिडवणं पोरासाठी असतं, नाव ही नुसती खुंटी. खुंटी नसली तर पोरं भिंतीत खिळा ठोकतात.

एवढं बोलून ते स्वतःच कॅलेंडरच्या पाठीवर आमच्या प च्या नावांची आद्याक्षरं मांडायला लागले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नावात राज्यात आईचं नाव आलं आहे: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला याचा मनापासून आनंद झाला होता. आता कळलं, यात एक अक्षर वाढतं आणि खुंट्याही वाढतात. मी म वरून, नवरा र वरून. यादीतल्या एका नावापाशी सासऱ्यांचं पेन थांबलं. पा. म. र. “पामर,” ते म्हणाले, आणि त्यांना इतकं हसू आलं की सासूबाई बाहेर आल्या.

ते नाव होतं पालवी. यादीत चौदाव्या क्रमांकावर. पुढे माझ्याच हातचं कारण, एकच शब्द: पाल.

दिवाळीत आज्जी आली. वडिलांची आई, पाटण तालुक्यातली, वय ऐंशीच्या पुढे. पणतीला मांडीवर घेऊन बसायची आणि तिला ‘बाय’ म्हणायची. आमच्या चर्चा तिच्या कानावरून जात होत्या. एकदा मी यादी मोठ्यानं वाचत होते, कारणांसकट, तेव्हा तिनं विचारलं, “येवढं काय बघती गं त्यात?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रेशनकार्डावर आज्जीचं नाव नकुसा आहे. सलग पाचवी मुलगी. आता पुरे, पुढचा मुलगा दे, हे देवाला कळावं म्हणून ठेवलेलं. पुढे मुलगा झालाही, त्याचं श्रेय नावाला गेलं, तिला नाही. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लक्ष्मी लिहिलं, त्यामुळे सासरी ती लक्ष्मी. पण तांदूळ ताटातून डब्यात गेले आणि कागदांवर नकुसा राहिली: सात-बाऱ्यावर, मतदार यादीत, बँकेच्या पासबुकात. बँकेत मोठ्यानं हाक आली की ती क्षणभर उठायची नाही. लहानपणी मला वाटायचं तिला ऐकू कमी येतं.

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एक कार्यक्रम झाला. जिल्ह्यातल्या नकुशी, नकोशी अशा नावांच्या २८५ मुलींना नवी नावं मिळाली. टीव्हीवर दाखवत होते, हातात प्रमाणपत्रं, केसात फुलं. मी तेव्हा कॉलेजात होते, पेटून उठले होते. आज्जीला म्हटलं, तुझंही बदलू, प्रतिज्ञापत्र करू, राजपत्रात छापून आणू. ती बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. त्यातल्या एका बारक्या पोरीनं हसून काहीतरी नाव सांगितलं. आज्जी म्हणाली, “चांगलं झालं पोरींचं.” मग म्हणाली, “माजं ऱ्हाऊ दे. बदलून हाक कोन मारनार? मारनारी समदी गेली.”

आपल्याकडे मुद्दाम वाईट नावं ठेवायचीही रीत होती, ती वेगळी. मुलं जगत नसत, म्हणून धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी. ज्यावर काळाचीही नजर जाणार नाही असं काहीतरी. त्या नावांत माया होती. धोंडो केशव कर्व्यांना १९५८ ला भारतरत्न मिळालं तेव्हा धोंडो या नावाचं काय वजन झालं असेल. नकुसामध्ये ती माया नाही. मी रात्री तीन-तीन वाजता नावाच्या मागे नको ते काय लपलंय हे शोधत होते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या नावात लपलेलं काही नव्हतंच, सगळं तोंडावर लिहिलेलं होतं. त्या दिवशी मी यादी पुढे वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी आज्जीनंच विचारलं, “त्ये पानाचं नाव काय व्हतं?”

“कुठलं, पर्णा?”

“न्हाय. कवळं पान.”

“पालवी. पण आज्जी, त्यात पाल आहे.”

तिनं भिंतीकडे पाहिलं. ट्यूबलाइटच्या मागे आमची नेहमीची होतीच. “घरातली किडं खाती ती,” आज्जी म्हणाली. “आसू दे.”

मी पालवीवर पुन्हा विचार करायला लागले तेव्हा जाणवलं की एकसष्ट नावांत हे एकच असं, ज्याच्या आड कुठला माणूस उभा नाही. ना वाघीण, ना वादळ, ना बढती अडवणारी बाई. सगळं भय त्या एका सरपटणाऱ्या जिवाचं. त्यातही मराठीत पालीला आपण जरा जास्तच छळलंय. मनात शंका आली तरी चुकचुकते ती बिचारी. गेले चार महिने माझ्या मनात हिचंच कुटुंब नांदत होतं. दुसऱ्या बाजूला पालवी. पालवणे म्हणजे कोंब फुटणे, आणि पालवणे म्हणजे पदर हलवून लांबच्या माणसाला बोलावणेही. हा दुसरा अर्थ आईला माहीत होता, श्रीवर्धनला होड्या परतायच्या तेव्हा बायका अशा पालवायच्या म्हणे. वडिलांना पालीचा बल्लाळेश्वर आठवला. आपापल्या सोयीचं प्रत्येकाला काहीतरी मिळालं.

शिक्का मारला तो समोरच्या फ्लॅटमधल्या तमिळ आजींनी. त्या बाळाला बघायला आल्या होत्या. नवऱ्यानं त्यांना गंमत म्हणून सांगितलं की नाव ठरतंय, पण सुरुवातीला पाल येतं म्हणून बायको घाबरते. त्यांना कळेना. पाल म्हणजे तर दूध. तमिळमध्ये दूध, मल्याळममध्ये दूध, तेलुगूत पालु तेही दूध. नवऱ्यानं भिंतीवर बोट दाखवून मराठी पाल समजावली. आजी तोंडावर पदर धरून हसल्या आणि म्हणाल्या, तिचं नाव पल्ली. मग बाळाच्या ओल्या हनुवटीकडे बोट करून पुन्हा म्हणाल्या, “पाल, पाल.” खरंच ती दूध ओकली होती.

बारसं नाताळच्या सुट्टीत झालं, कारण कानात नाव सांगायचा मान आत्याचा आणि आत्याला सुट्टी तेव्हाच. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, पाठीवर धपाटे बसले, ताईंनी वाकून कुर्र केलं आणि मग मोठ्यानं नाव सांगितलं. बायका “छान छान” म्हणायच्या आत शेजारचा दुसरीतला मुलगा घुगऱ्यांची वाटी धरून ओरडला, “पाल!”

त्याच्या आईनं त्याच्या दंडाला धरलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते मागच्या खुर्चीतून म्हणाले, “चला, उद्घाटन झालं.” आश्चर्य म्हणजे मला काहीच झालं नाही. इतके महिने ज्याची धास्ती घेतली होती ते घडायला चार सेकंदही लागले नाहीत, आणि पाळण्यातली मान वळवून त्या मुलाच्या वाटीकडे बघत होती.

राहिलं दाखल्याचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती दवाखान्यातून वेळेवर झाली होती, नावाचा रकाना रिकामा ठेवून. तसं ठेवता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग बाराव्या दिवशी घाईघाईत काहीतरी ठेवून मोकळे होतात. वर्षभरात नाव घातलं तर पैसे लागत नाहीत; त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून सगळीकडे हाच दाखला लागणार, म्हणून लांबवायचं नाही असं ठरलं. जानेवारीत मी अर्ज घेऊन गेले. अर्जात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी त्यावर एक नजर टाकली, टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

पल्लवी.

स्वाहिली तपासली होती, हे तपासायचं राहिलं होतं. आई, ताई, सासरे, एकसष्ट नावांवर मारलेल्या एवढ्या फुल्या, आणि पालवी या नावाला खरा धोका कुणापासून आहे हे एकालाही सुचलं नव्हतं. मागे रांग होती. मी म्हटलं, “मॅडम, पल्लवी नाही, पालवी.”

“पल्लवीच लिहिलंय ना.”

“नाही, पहिल्या अक्षराला काना आहे. ल ला ल जोडलेला नाही.”

“पल्लवी चांगलं आहे की. अर्थ तोच.” त्या मनापासून म्हणत होत्या. “तेच राहू देऊ का?”

“नको. पाल…” मी म्हटलं आणि थांबले.

“पाल?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं.

“हो,” मी म्हटलं, “पाल. आणि पुढे वी.”

त्यांनी बरोबर टाइप केलं.